सिद्राचा पाला

ओमानमधल्या सूर गावात आमच्या भाड्याच्या घरामागे सिद्राचं मोठं झाड आहे. सिद्र म्हणजे आपल्या बोरीच्याच जातीचं काटेरी झाड. शेजारची म्हातारी ओमानी खाला त्याचा पाला वाटून केस धुते, बारकी पिवळी फळं माझ्या मुलीच्या ओंजळीत घालते. मला मात्र त्या पाल्याची भीतीच वाटायची. रत्नागिरीकडे आमच्या गावात बोरीचा पाला घालून पाणी उकळायला ठेवलं, की समजायचं, कुणाकडे तरी मय्यत झाली. माझे अब्बाच त्या पाण्याने मयताला आंघोळ घालायचे.

माझे यजमान लाकडी होड्यांच्या कारखान्यात सुतार. त्या दिवशी नवी होडी समुद्रात चालवून बघायला ते मालक आणि खालाचा मुलगा यांच्याबरोबर गेले होते. दुपारी वारा सुटला. फोन लागेना. मी गच्चीवर जाऊन बघून आले. पाण्यावर नुसता फेस.

खाली आले तर खाला माझ्या स्वयंपाकघरात. गॅसवर मोठं पातेलं, आणि ती मुठीमुठीने सिद्राचा पाला त्यात टाकतेय.

"खाला, ये किसके लिए?"

"तेरे आदमी के लिए. मेरा बेटा फोन किया. बोला, ला रहे हैं, सिद्र का पानी बनाओ."

"जिंदा है?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "फोन कट गया. इन्शाल्ला..."

मी दाराची चौकट धरून खाली बसले. पाल्याचा वास घरभर झाला. मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती. तिला काय सांगायचं?

बाहेर पिकअप थांबली. दोघांनी त्यांना उचलून आणलं. मान एका बाजूला कललेली, लेंगा रक्ताने भिजलेला.

"रडतेस कशाला गो?" ते म्हणाले. "पाय तेवढा फाटलाय."

होडी खडकावर आपटली होती, तुटलेल्या फळीने पोटरी चिरली होती. खालाने पाणी निववून, गाळून जखम धुतली. इथे जखमेलाही हाच पाला लावतात, हे तिच्या मुलाने मला हॉस्पिटलात नेताना गाडीत सांगितलं. तिथे टाके पडले.

त्यानंतर कितीतरी दिवस ते आंघोळीला गेले, की मी न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून हाका मारायची. ते ओ देईपर्यंत हलायची नाही.