रुमालाखालची नळी

पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या बायपाससाठी कापडी नळी बसवली, पेशंट चालत घरी गेला, की सगळ्यांना वाटतं गोष्ट संपली. मी रक्तवाहिन्यांची सर्जन. महिन्यातून एकदा घोडेगावात ओपीडी घेते आणि माझे किस्से नेमके तिथून पुढे सुरू होतात, तेही वर्षांनी!

अवसरीच्या एका काकांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्याच बंद केल्या. नळीला खाली दोन फाटे असतात, एकेका पायाला एक, जांघेत शिवलेले. त्यांचा एक फाटा रक्त गोठून बंद, पाय गार. म्हणाले, "मेन लाईन चालू हाय, एका वाफ्याला पाणी न्हाई. गॅरंटीत बसतंय का बघा." मी म्हटलं, "गॅरंटी गोळ्यांमध्येच होती, काका."

घोडेगावच्या एका काकूंना शौचाला काळं होत होतं. खापर फोडलं मासवडीच्या रश्श्यावर. मग रक्ताची एक उलटी झाली आणि आपोआप थांबली. "थांबली की, कशापायी घाबरता?" त्या मलाच समजावत होत्या. नळी घासून आतड्याला भोक पडलं की आधी असंच थोडं रक्त जातं, मग धो धो. मी त्यांच्याच गाडीत बसून पुणं गाठलं. वाचल्या! शुद्धीवर आल्या आल्या विचारलं, "मासवडी कधी चालंल?"

पण सोपानभाऊंची सर कुणालाच नाही. बेल्ह्याच्या बाजारातले बैलांचे व्यापारी. चेकअपला आले आणि जांघ बघते म्हटल्यावर धोतर घट्ट धरून बसले. "बाईमाणसाला कशी दावू?"

त्यांच्या बायको, हिराबाई, उसळल्या. "साऱ्या बाजाराला दावली की! रुमालाखाली बोटं दाबून सौदा करत्यात ना, तसा एकेकाचा हात धरून जांघंला लावत्यात. म्हनत्यात, बघ, नळीनं कसा जोर धरलाय, लई उडतीय."

मी ताडकन उठले. नळीचा टाका सुटून तिथे रक्ताचा फुगा झाला होता आणि अख्खा बाजार तो दाबून बघत होता. कधीही फुटला असता. लगेच ऑपरेशन केलं. घरी सोडताना बजावलं, पुन्हा उडायला लागली तर कुणी हात लावायचा नाही, थेट मला गाठायचं.

परवा त्यांचा फोन आला. मागे बाजाराचा गलका.

"डॉक्टरबाई, हितं एक पावणं हायती, माज्यासारकीच नळी बसवलेलं. त्यांची उडतीय. सौदा मोडून टेम्पोत घातलंय, निघालोच."

"कुणी दाबलं नाही ना?"

"न्हाई न्हाई. मी एकट्यानंच. रुमालाखाली."