पुठ्ठ्यांची माळ

काउंटरशी आले की मास्तर आधी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरायचे. अंगठ्याने जरा चोळायचे आणि निकाल द्यायचे, "सूत बरं हाय सर. विणणारा घाईत व्हता." पुस्तक बदलणं त्यानंतर. रविवारी कधी आमच्या वाचनालयात आला असाल, तर तुमचीही बाही त्यांनी धरली असेल.

जकार्ड मागाच्या नक्षीसाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कारखाना बंद पडला, पण हात स्वस्थ बसेनात. आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि जुन्या कॅटलॉगची कार्डं रद्दीत निघाली, तेव्हा माझ्यावरच खेकसले, "एवढा चांगला पुठ्ठा फेकताय? लाज वाटती का न्हाय?"

दोन महिन्यांत त्यांनी टेबलाएवढा माग बनवून मागच्या खोलीत मांडला आणि विड्या वळणाऱ्या पाच बायकांना दर रविवारी चित्रं काढायला बसवलं. भिंतीवर चिकटवलेल्या ग्राफ पेपरचे चौकोन भरत चित्र काढायचं. चित्राच्या एका ओळीला एक कार्ड, भरलेल्या चौकोनाला एक भोक. मग सगळी कार्डं दोऱ्याने ओवून माळ करायची. माळ मागावर सरकत जाईल तशी नक्षी कापडात उतरायची. प्रत्येक कार्डावर कुठल्या ना कुठल्या पुस्तकाचं नाव असायचंच. "तुमची पुस्तकं कापडात चालली बगा," म्हणून मास्तर हसायचे.

त्यांतल्या नरसम्माने विडीची पानं कापायची कात्री काढली होती. कुणी कोंबडी काढली, कुणी पाण्याचा टँकर. शेवटच्या ओळींत पाचही जणींची नावं येणार होती. अंगठा सोडून सही करायला नरसम्मा याच खोलीत शिकली होती. "माजं नाव खरंच निगंल का ओ?" ती दर रविवारी विचारायची.

"मोजलंय म्हंजी निगंलच," मास्तर म्हणायचे.

हातभर कापड झालं. कात्री पुरी उतरली, कोंबडी गळ्यापर्यंत आली आणि आमच्या अध्यक्षांना अभ्यासिका सुचली. परीक्षा देणाऱ्या मुलांशी माझं भांडण नाही. पण वरचा अख्खा हॉल सत्काराच्या खुर्च्यांनी भरलेला असताना हीच खोली का?

"परवा पाहुणे उद्घाटनाला येतायत," अध्यक्ष म्हणाले. "आजच्या आज हे माग-बिग हलवा. ग्रंथालय आहे की कारखाना?"

मी काय म्हणालो? "हो साहेब." दोनच शब्द. त्या शब्दांची चीड आजही जात नाही.

रंगाऱ्यांनी भिंतीवरचा ग्राफ पेपर खरवडून काढला. माग गच्चीवर नेऊन टाकला. निदान कार्डं तरी वाचवावीत म्हणून मी दोरा कापला आणि ती जुन्या खणांत लावून ठेवली. लेखकाच्या आडनावाप्रमाणे. एकही कार्ड इकडचं तिकडे नाही. तीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या माणसाचे हात दुसरं काय करणार? त्या संध्याकाळी मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

रविवारी मास्तरांनी खण उघडला. दहा-बारा कार्डं उलटून पाहिली आणि तिथेच थांबले.

"आकडे घातले नव्हते का?" मी विचारलं.

"माळ व्हती की! तिला आकडे कशाला?" त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. पेपर वाचणारे वळून पाहू लागले. "सर, पुस्तकाची पानं सोडवून अक्षराप्रमानं लावली तर वाचाल का तुमी? अध्यक्षाला कळत न्हाय, त्येला सोडा. तुमी तर हितं रोज बगत व्हता!"

दारात नरसम्मा उभी होती. "मग नाव?" एवढंच म्हणाली.

"नवीन करू," मी पुटपुटलो.

"कुटं करू? गच्चीवर?"

त्या खोलीच्या दारावर आता पाटी आहे, ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही. पाचांतली एकही बाई पुन्हा वाचनालयाची पायरी चढली नाही. रागाच्या भरात मी समितीला पत्र लिहिलं, चांगलं खरमरीत. ते फाइलला लागलं. सुबक लागलं असेल, आमच्याकडे क्रमाने लावण्यात कुणी चुकत नाही.

मास्तर त्यानंतर एकदाच आले. सभासदाचं कार्ड काउंटरवर ठेवलं. "रद्द करा," म्हणाले. मी नवा शर्ट घातला होता. त्यांचा हात सवयीने बाहीकडे आला आणि मधेच थांबला. मग तो त्यांनी खिशात घातला आणि निघून गेले.

हल्ली कपड्यांच्या दुकानात माझीही बोटं बाहीवर जातात. चोळून चोळून पाहतो. कळत काहीच नाही. मग त्या बिचाऱ्या दुकानदारावर विनाकारण ओरडतो.