हक्कसोडाची न केलेली सही

गाव सोडलं त्या सकाळी आमचा संसार दोन पोत्यांत मावला होता. एकात ज्वारी, एकात भांडी. नवरा आधीच चाकणला कामाला लागलेला, त्यामुळं मी एकटीच एसटीत बसलेले. मायनं खिडकीतून हात घालून माझ्या गालावरून फिरवला आणि म्हणाली, "बाई, तिकडं कुणाशी भांडू नको. तुझं तोंड लई चालतंय." पोरीला निरोप देताना असं कुणी बोलतं का? पण माझी माय बोलली.

आता गावात काय बोललं जातं तेही इथं मोशीत माझ्यापर्यंत येतं बरं का. सुनंदानं सख्ख्या भावाकडं वाटा मागितला, शहरात जाऊन हावरी झाली. चुलत्यांनो, मावश्यांनो, तुम्हा सगळ्यांना एकदाचं सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले. परभणीकडून, बीडकडून माझ्यासारख्या ज्या इकडं आल्या, त्यांनीही वाचावं.

सुरुवातीला आम्ही चाकणला पत्र्याच्या खोलीत राहिलो. हे एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होते, पुढं परमनंट झाले. मी कंपनीतल्या पोरांचे डबे करायला लागले. ओव्हरटाइमच्या पैशातून मोशीत अर्धा गुंठा घेतला. घेतला म्हणजे कसा? इथल्या जुन्या शेतकऱ्यानं शेताचे तुकडे पाडले, स्टँप पेपरवर नोटरी केली, पेढे वाटले, झालं. "ताई, घोर लावून घेऊ नका, समदी आळी अशीच हाय, आमी हाय ना," असं म्हणाला. आम्ही दोन खोल्या बांधल्या आणि गावी फोन केला, पुण्यात घर झालं. मोशीला पुणे म्हणायची खोड आपल्या सगळ्यांनाच आहे.

आमची लेक सायली याच घरात वाढली. पप्पांच्या गाडीवर डबे कलंडतात म्हणून तिनं पुठ्ठ्याचं एक खोकं बनवलं होतं, त्यात डबे उभेच राहायचे. वस्तू उघडायच्या, त्यांची चित्रं काढायची, पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं जोडायच्या, हाच तिचा खेळ. अकरावीला तिच्या मॅडम म्हणाल्या, हिला डिझाइनला पाठवा. हे म्हणाले, "चित्रं काढून पोट भरतं का?" आणि हाच माणूस पुढं दर रविवारी झोप मोडून तिला पुण्याच्या क्लासला गाडीवर नेत होता. पोर्टफोलिओ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला एखादा आजारच वाटला. नंतर रात्रीच्या भाज्या निवडता निवडता मीच तिला सांगायला लागले, हे चित्र आधी ठेव, ते मागं टाक.

पोरीचा नंबर लागला. बंगळूरला! तुम्ही म्हणाल, मुलींना आता फी माफ आहे ना? आहे की, पण आपल्या राज्यातल्या कॉलेजांना. बाहेरचं सगळं आपलं आपण. भिशी उचलली, यांनी पीएफ काढला, आणि पहिल्या वर्षातच सगळं संपणार हे दिसायला लागलं. बँकेनं तारण मागितलं. मी मोठ्या ऐटीत घराचे कागद पुढं केले. साहेबानं ते उलटसुलट पाहिले आणि सभ्यपणे म्हणाला, "ताई, नोटरीवरचं घर आम्हाला चालत नाही. हे तुमच्या नावावर नाहीच." माझं डोकंच फिरलं. "नाही कसं? आत्ता त्याच घरातून वीस डबे करून आलेय!" यांनी माझा हात धरून बाहेर आणलं.

त्याच आठवड्यात बंडूचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. मायबाप दोघंही तोवर गेलेले. "अक्का, एक दिवस ये. हक्कसोड करून टाकू. खर्च समदा माझा." आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बाप गेला की सातबाऱ्यावर लेकींची नावं लागतात, आणि मग लेकींनी रजिस्टर ऑफिसात जाऊन सही करून ती भावासाठी काढून घ्यायची. भाऊ साडी घेतो, माहेर शाबूत राहतं. माझ्या आत्यांनी केली, मीही आनंदानं केली असती.

ठरल्या दिवशी गेले, आणि रजिस्टर ऑफिसाबाहेर चहाच्या टपरीवर मी बंडूला म्हणाले, "सही नाही करत मी. माझा वाटा तूच ठेव, पण त्याचं मोल दे. सायलीचं कॉलेज होईस्तोवर, जमेल तसं दे."

तो म्हणाला, "अक्का, आज माय असती तर?"

"माय असती तर रडली असती. आणि मी तरीही मागितलं असतं."

भावजयीनं आणलेली साडी पिशवीतून बाहेर आलीच नाही. परतीच्या एसटीत मी नगर येईपर्यंत रडले. खोटं कशाला बोलू, मला शरम वाटली नाही, भीती वाटली. लेक बंगळूरला जाणार आणि माहेरही जाणार, एकाच वर्षी.

झालंही तसंच. सोयाबीन निघालं की बंडूचे पैसे यायचे, फोन यायचा नाही. भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट करायचे आणि फळीवर ठेवून द्यायचे. सायली म्हणायची, "मम्मी, माझ्यामुळं झालं का हे?" मी म्हणायचे, "तू अभ्यास कर गं." जमीन भाऊ कसतो तर त्याचीच, हे मलाही पटतं. पण ती माझ्याही बापाची होती, हेसुद्धा पटतं. दोन्ही खरं असलं की माणसानं काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही.

यंदा जूनमध्ये दार वाजलं. बंडू! मागं त्याची लेक रेणुका, खांद्याला सॅक. एवढ्या वर्षांत त्यानं माझं घर पहिल्यांदा पाहिलं. चपला काढताना म्हणाला, "दाजी?"

"सेकंड शिफ्टला."

पाणी पिऊन झालं. मग भिंतीकडं बघत म्हणाला, "हिचा इथं पिंपरीच्या कॉलेजला नंबर लागलाय. हॉस्टेलला टाकायला जीव होईना, अक्का."

आता कशी आठवली अक्का, हे माझ्या जिभेवर आलं होतं. इतके दिवस घोळवून ठेवलेलं वाक्य! पण रेणुकाच मधे बोलली, "आत्या, पुढं मागं माझं पण नाव सातबाऱ्यावर लागंल ना?"

बापासमोर! मी बंडूकडं पाहिलं. तो मान खाली घालून हसला. "लागंल की. तुझ्या आत्यानं सवय लावलीय आता."

मी म्हणाले, "बंड्या, हातपाय धू. पिठलं टाकते."

जेवून तो निघाला. दारात रेणुकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "काई लागलं तर आत्याला माग. लाजायचं न्हाई." गॅस चालू राहिलाय म्हणत मी आत पळाले. ज्या दारात तोंड उघडून मागता येतं, तेच घर, मग कागद काहीही म्हणो. मला हे कळायला वीस वर्षं आणि एक भांडण लागलं.

तेवढ्यात सायलीचा फोन. "मम्मी, मागं आवाज कुणाचा? कोण आलंय गं?"

मी म्हटलं, "माझं माहेर आलंय. राहायला."