ऊंजलच्या साखळ्या

माझा नवरा घोट्याएवढ्या पाण्यात बुडाला.

कुंभकोणमला अजून असंच सांगतात. आज त्यांच्या श्राद्धाचा दिवस, म्हणून एकदा काय झालं ते नीट लिहिते.

श्रीनिवास तिरुभुवनम्‌ला रेशमाच्या सोसायटीत नोकरीला होते. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे तमिळनाडूत राहिलेली मराठी माणसं. मी पुण्याची. लग्नात त्यांचं मराठी ऐकून माझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या होत्या.

या माणसाला एकच वेड. डिस्क गोल्फ!

ऐंशीच्या आसपास अमेरिकेतल्या कझिनने दोन-तीन डिस्क आणून दिल्या, खेळ समजावला. चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी. भोकाऐवजी खांबावर लटकत्या साखळ्या आणि खाली टोपली. कमीत कमी थ्रोमध्ये तबकडी साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली पाहिजे.

झालं. ऑफिसातून आले, उभ्याउभ्या कॉफी घेतली, की चालले नदीवर.

उन्हाळ्यात कावेरी कोरडी असायची. पात्रभर वाळू, तेच यांचं मैदान.

मी म्हणायचे, "नदीशीच लग्न करायचं होतं."

"केलों असतों. पण उन्हाळ्यांत ती माहेरीं जाते. तेव्हांच तर खेळतों."

मावळतीचं ऊन डोळ्यांवर यायचं, लांबची टोपली त्यांना दिसायची नाही. मग साखळ्या वाजून तबकडी टोपलीत गेली की मी काठावरून ओरडायचे, "पडली!"

टोपलीच्या साखळ्या कुठल्या, तर घरातल्या ऊंजलच्या. ऊंजल म्हणजे झोपाळा. आमच्या सासरी लग्नात नवरा-नवरीला त्यावर बसवून झुलवतात, बायका गाणी म्हणतात. ह्यांनी सरळ त्याच्या पितळी साखळ्या काढून नदीत नेल्या.

सासूबाई भडकल्या. "सीनू, अंबूच्या लग्नास साखळ्या घरीं पाहिजेत."

"आणतों, आई. अस्क्या आणतों." अस्क्या, म्हणजे सगळ्या.

अंबू त्यांची धाकटी बहीण.

दरवर्षी धरणाचं पाणी सुटल्याची बातमी आली की टोपली उपटून घरी यायची. पण त्याआधी एक शेवटचा राउंड. नदीचं पाणी येताना बघायला सगळं गाव हळदकुंकू, फुलं घेऊन काठावर जमतं. पहिलं पाणी सरपटत येतं, पावलं भिजतील इतकंच. हे त्याच्या पुढेपुढे खेळत यायचे. लोक टाळ्या वाजवायचे. ह्यांना आणखी चेव.

नव्वदच्या दशकातलं ते वर्ष. पाणी उशिरा, तमिळ आडी महिन्यात, म्हणजे जुलै सरताना सुटलं. पुढचा महिना, आवणी, लागला की अंबूचं लग्न होतं.

आणि त्या उन्हाळ्यात लॉऱ्यांनी वाळू उपसली होती. पात्रात पुरुषभर खोल खड्डे. हे त्यांना वळसा घालून खेळायचे. कोरड्यात खड्डा दिसतो हो. पाणी आलं की सगळं सपाट.

पाणी टोपलीपर्यंत पोचलं होतं. मी काठावरून म्हटलं, "राहू द्या! नव्या साखळ्या घेऊ!"

"अगे, घोट्याएवढें तर आहे. हिंगाच, काठावरच उभी राहा, आलोंच."

शेवटचा थ्रो टाकला. साखळ्या वाजल्या.

"पडली!" मी ओरडले.

ते टोपली आणायला निघाले. टाळ्या चालू होत्या. टाळ्या चालू असतानाच ते दिसेनासे झाले.

काहींना वाटलं, हाही खेळच.

ओल्या वाळूची कड धरायला जावं तर ती ढासळते. माणसं धावली, पण हाती लागले ते फार उशिरा.

मला राग आहे. त्या लॉऱ्यांचा आहे, टाळ्यांचा आहे. सगळ्यात जास्त ह्यांचा आहे. एक वर्ष तो शेवटचा राउंड नसता खेळला तर काय बिघडलं असतं?

अंबूचं लग्न पुढे ढकललं. पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली तेव्हा टोपली वाळूत कलती रुतलेली सापडली. सासूबाईंनी साखळ्या चिंचेने स्वतः घासल्या. रडत नव्हत्या, नुसत्या घासत होत्या.

लग्नात नातेवाईक कुजबुजले, ह्या साखळ्या अशुभ, नव्या आणा.

सासूबाई म्हणाल्या, "माझा सीनू ह्याच आणावयास गेला. ह्याच लागतील."

अंबू आणि जावई ऊंजलवर बसले. मी मागच्या दाराशी उभी होते. विधवेने पुढे यायचं नसतं ना.

कोणीतरी झोका दिला. साखळ्या वाजल्या.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "पडली."

गाणी थांबली. अंबू ऊंजलवरून उतरून माझ्याकडे पळत आली.

श्रीनिवास, साखळ्या घरी पोचल्या हो. अस्क्या पोचल्या.

आता निवांत राहा.