सासऱ्यांच्या कोपराखालची जागा

सासरे गेल्यावर मेव्हण्याने घर रिकामे केले, तेव्हा बायकोने फक्त वडिलांचे टेबल मागून घेतले. ते आमच्या घरी आले आणि माझे डोके फिरले.

याच टेबलापुढे मी तिला मागणी घालायला उभा राहिलो होतो. उभाच, कारण बसा असे कोणी म्हटले नाही. माझे वडील फौजेत, साताऱ्याकडून झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत आले आणि इकडेच राहिले. मी जवळच्याच मोठ नावाच्या गावच्या बाजारात पोते अंथरून कड्या-कुलपे विकत वर आलो. सासरे मात्र झाशीतल्या जुन्या मराठी घराण्यातले, कचेरीत नोकरीला. मी मराठीत बोललो. टेबलावर कोपर टेकून त्यांनी ऐकून घेतले आणि हिंदीत म्हणाले, "देखो भैया, दुकान अपनी जगह, रिश्ता अपनी जगह." लग्न झाले ते तिच्या हट्टामुळे. पण शेवटपर्यंत घरात सगळ्यांशी मराठी आणि मी दिसलो की "आइए भैया". हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

टेबलाचे पॉलिश काळवंडले होते. बायको शाळेत शिकवते, पेपर त्याच्यावरच तपासते. म्हणाली, कोणाकडून तरी नीट करून घ्या. पॉलिशवाला आला, त्याने भाव सांगितला, मी निम्मा देऊ केला. "फिर आप ही कर लीजिए, बाबूजी," म्हणून त्याने पिशवी उचलली. मला संताप आला. मानिक चौकात माझे हार्डवेअरचे दुकान आहे, हे लोक माल माझ्याकडूनच नेतात. म्हटले, करतोच!

घासायचा कागद, इकडे त्याला रेगमाल म्हणतात, मी जन्मभर विकला. नंबर पाठ, भाव पाठ. पण लाकडावर एकदाही फिरवलेला नव्हता.

ती शाळेत गेल्यावर टेबल अंगणात काढले. सुरुवातीला मजा वाटली. काळपट थर उडून मधासारखे सागवान वर येत होते. फक्त एका कडेला, जिथे म्हातारा कोपर टेकायचा, तिथले काळे हटेना. मी खरखरीत कागद घेतला आणि अंगातला सगळा जोर लावला. खालून पांढुरके काहीतरी निघाले. मळ असेल म्हणून आणखी घासले, तर ते तळहाताएवढे झाले. मग लक्षात आले. सागवान नुसते वर चिकटवलेले होते, पापडासारखे पातळ. आत फळांच्या पेटीचे असते तसले लाकूड.

मला हसू फुटले. एवढे मोठे घराणे आणि हे त्यांचे सागवान! एकटाच मोठ्याने हसत होतो आणि बायको दारात उभी होती.

"काय केलंत हे?"

"बघ तुझ्या बाबांचं टेबल! वरून साग, आतून खोकं."

तिने त्या जागेवर हात ठेवला. "बाकी सगळं नीट आहे. नेमकं इथेच कसं?"

"इथे काळं होतं म्हणून."

"बाबांच्या हातानं झालेलं काळं होतं ते."

"आत काय आहे मला काय ठाऊक?"

"अहो, दिवसभर गिऱ्हाइकांना सांगता ना, कुठल्या कामाला कुठला नंबर? आणि तुम्हालाच ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं! नाही येत मला! झालं समाधान?" मी ओरडलो. तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण जीभ पुढे गेली. "आणि त्या म्हाताऱ्यानं मला कधी माणसात धरलं होतं?"

ती आत गेली.

पुढे मी म्हटले, चांगल्यातला सुतार आणतो, वर नवा सागाचा थर चढवू, मागेल तो भाव देतो. असे मी आयुष्यात कोणाला म्हटलेले नाही. ती म्हणाली, "मग त्यात बाबांचं काय राहील?"

एका सकाळी चहा देताना तिने विचारले, "मुद्दाम केलंत का? एकदाच विचारते."

"नाही."

"बरं."

गिऱ्हाइकाला भाव पटला की तो पिशवी पुढे करतो. पटला नाही, पण घासाघीस करायचा कंटाळा आला, की नुसते "बरं" म्हणून पायरी उतरतो. दोन्ही मला लगेच कळतात.

टेबल आत आणले आहे, पण ती पॉलिश करू देत नाही. त्या पांढऱ्या जागेवर ती काही अंथरत नाही, तिथेच हात टेकून पेपर तपासते. मी समोर बसलो तर वर बघत नाही. मी खरे तेच सांगितले होते. ते तिला कसे पटवावे, हे मात्र मला कळत नाही.