पहाटेचा आकडा

ओझरच्या देवळाच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा आमचा जुन्नरचा न्हावी समोर आला. मुलांना आणे पठारावर आजोळी पोचवून मी परत निघालो होतो, त्यामुळे गावातलं काही कानावर नव्हतं. त्यानं माझा हात धरला. "राव, रिखबशेठ गेलं." मी विचारलं, "प्लेग?" तो म्हणाला, "न्हाई. गारठ्यानं. छाती भरली व्हती." ज्यानं अख्ख्या गावाला गारठ्यातून उठवून नेलं, तोच गारठ्यानं जावा... मला देवाचाही राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

रिखबदास जुन्नरच्या पेठेतला कापडवाला, मारवाडातून आलेल्या जैन घरातला, माझा लहानपणापासूनचा दोस्त. वर्तमानपत्रात पुण्याचं जास्तीत जास्त आणि कमीत कमी उष्णतामान छापून येई, ते वाचता वाचता त्याला नाद लागला आणि त्यानं मुंबईहून पाऱ्याचं यंत्र आणवलं. त्यात दोन नळ्या, दोन्हींत पाऱ्यावर लोखंडाची बारीक सुई. पारा सुईला पुढं ढकलतो, पण स्वतः मागं येताना तिला तिथंच सोडून येतो. एक सुई दुपार कलतानाचा ताप दाखवते, दुसरी पहाटेचा गारठा. पहाटे सामायिकाचं ध्यान आटोपलं की तो लोहचुंबकानं दोन्ही सुया पाऱ्यापाशी आणून ठेवी. "कालची थंडी काल संपली. सुई जाग्यावर आणली न्हाई तर आजची कळायची कशी?" मी चेष्टा करी, "शेठ, आता पाराही वारानं मोजून विकणार का?" तो हसून आपलंच पुढं चालू ठेवी.

यंदा प्लेगनं गाव उठलं. कुकडीकाठच्या खोलगट शिवारात झोपड्या उभ्या राहिल्या, पाणी जवळ म्हणून. दुपारी अंगरखा नकोसा होई, पहाटे दात वाजत. पुण्याचा आकडा वाचून लोक म्हणत, एवढी काही थंडी नाही. रिखब चिडे. "तो आकडा पुण्याचा हाय, ह्या खड्ड्यातला न्हाई!" त्यानं दुसरं यंत्र मागवलं, एक झोपडीपाशी, एक वरच्या माळावर टांगलं. रोज पहाटे खालचाच आकडा कमी. गार हवा पाण्यासारखी उतरून खाली साचते, हे तो घसा फोडून सांगे. शेजारच्या झोपडीतली धोंडाबाई म्हणाली, "शेठ, तुमी कापड इका. वर वारं लई, लेकरं मरतील." लेकरू मेलं ते खालीच, धोंडाबाईचाच तान्हा नातू. सकाळी तो आईच्या कुशीत गार पडलेला सापडला. धोंडाबाईनंच आधी आपली झोपडी सोडली, मग बाकीचे माळावर गेले.

आजाऱ्यांना मात्र नदीकाठीच ठेवायचा सरकारी हुकूम होता, आणि रिखबचा धाकटा भाऊ चंपालाल तापानं पडला होता. मुलांना घेऊन निघताना मी रिखबला म्हणालो, "चल वर." तो म्हणाला, "चंपा हितं हाय." स्वतःची घोंगडी त्यानं भावावर घातली. किती गार आहे हे गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी तो तिथं राहिला. चंपालाल वाचला.

रिकाम्या झोपडीच्या मेढीला खालचं यंत्र तसंच राहिलं. गारठ्याची सुई रिखबच्या शेवटच्या पहाटेवर थांबलेली. चंपालाल कुणाला तिला हात लावू देईना. रोज उठून बघून येई.

परवा सकाळी तो लोहचुंबक मुठीत घेऊन माझ्या मळ्यातल्या घराच्या दारात आला. रात्री त्याहून जास्त थंडी पडली होती आणि पाऱ्यानं सुई पुढं ढकलली होती. "दादाचा आकडा गेला," एवढंच म्हणाला आणि माझ्या उंबऱ्यावर बसून रडला.

मी विचारलं, "माळावर सगळी बरी आहेत?"

"समदी हायेत. धोंडाबाई चूल पेटवत व्हती."

आम्ही दोघं नदीकाठी गेलो. मी लोहचुंबक नळीवर धरला आणि सुई पाऱ्यापाशी आणून ठेवली.