हवं आहे: काजमशीनचं बावीस दात्यांचं चाक

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या तीनशे कारागिरांच्या ईमेल ग्रुपचा कारभार वहिनी बघायच्या, आणि सुईत दोरा ओवण्यापलीकडे त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. ग्रुप मास्तरांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने काढलेला. मास्तर कुठलंही यंत्र उघडायचे, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की अंग चोरायचे. वहिनींची उभी हयात ग्रंथालयात पुस्तकांना विषय लावण्यात गेलेली. त्यामुळे हे काम त्यांच्या गळ्यात पडलं. मास्तर जाऊन तीन महिने झाले तरी ते सुटलं नव्हतं.

'मदत हवी', 'अर्जंट', 'नमस्कार' असा विषय घालून कुणी मेल टाकला की वहिनी त्याला फैलावर घ्यायच्या. "तीनशे माणसांनी तुमच्या मनातलं ओळखत बसायचं का? यंत्र कुठलं, भाग कुठला, एवढं विषयात लिहा. नमस्कार आत करा." कारागीर टरकून असायचे.

सोमवारी सकाळी तेलवाल्यांचा फोन आला. मास्तरांचे हे जुने दोस्त लांबच्या गावात दुरुस्तीचं दुकान चालवायचे, आणि कुठलंही यंत्र समोर आलं की "आधी तेल घालून बघा" म्हणायचे.

"वहिनी, चार दिवस झाले, ग्रुपवर कुणी हूं की चूं करत नाही. इथल्या शिवणवाल्या बाईंचं काजमशीन बंद पडलंय. आतलं दातेरी चाक मोडलं, आणि ते मॉडेल आता निघत नाही. शनिवारी इस्पितळाला साठ कोट द्यायचेत. कोट तयार, काजं तेवढी राहिलीत. हाताची काजं त्यांच्या धुलाईत टिकत नाहीत, म्हणून ते घेत नाहीत. कोट नाही पोचले तर काम कारखान्याकडे जाणार, आणि बाईंसकट चौघी घरी बसणार."

"मग ग्रुपवर का नाही टाकलंत?"

"टाकलं की! गुरुवारीच!"

वहिनींनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. काजमशीनचं नाव नाही.

"इथे काही नाहीये. विषय काय लिहिला होतात?"

"विषय? तो असतोच की आधीपासून."

"आधीपासून म्हणजे?"

"मी नवा मेल करतच नाही हो. पत्ता टाइप करायला बोटं वळत नाहीत. जुना एखादा मेल उघडायचा, 'उत्तर' दाबायचं, आपलं म्हणणं लिहायचं. बरेच जण तसंच करतात. तुम्हाला म्हणून सांगतो."

"कुठला जुना मेल?"

तेलवाले जरा घुटमळले. "तो... 'मास्तरांना श्रद्धांजली'. तो वरच होता."

त्या विषयाचे पहिले दोन मेल वहिनींनी वाचले होते. तिसऱ्या दिवशी, या विषयाचं जे येईल ते आपोआप एका वेगळ्या कप्प्यात जाईल अशी सोय केली, आणि तो कप्पा पुन्हा उघडला नाही. कप्प्यापुढचा आकडा वाढत होता. लोकांचं दुःख अजून आवरत नाही, याचं त्यांना नवल वाटायचं. थोडं बरंही वाटायचं.

"ठेवा फोन," त्या म्हणाल्या.

कप्प्यात सत्तेचाळीस मेल निघाले. श्रद्धांजलीचे अकरा. बाकी कुणाचा पट्टा तुटलेला, कुणाला मोटर विकायची होती, एका पठ्ठ्याने दोरा का गुंततो यावर दोन पानं लिहिली होती. विषय वाचून, पुन्हा किती सांत्वन करायचं म्हणून, कुणी ते उघडलेच नव्हते. वहिनी आधी संतापल्या आणि मग एकट्याच हसत सुटल्या. आपल्या श्रद्धांजलीत पट्ट्यांची चर्चा रंगलेली पाहून मास्तर खूश झाले असते.

त्यांनी तेलवाल्यांना पुन्हा फोन करून मोडक्या चाकाचे दाते मोजायला लावले. मग नवा मेल उघडला. विषयात 'तातडीने' एवढं लिहून झाल्यावर स्वतःवरच चरफडत ते खोडलं, आणि लिहिलं: 'हवं आहे: काजमशीनचं बावीस दात्यांचं चाक, गुरुवारपर्यंत'. मॉडेल, पत्ता आणि फोन आत घातला.

तासाभरात तीन उत्तरं आली. दोघांकडे नव्हतं. तिसऱ्याने लिहिलं होतं, "माझ्या डब्यात चार वर्षं पडून आहे. उद्याच्या बसने पाठवतो. आधीच सांगितलं असतंत तर केव्हाच दिलं असतं."

बुधवारी दुपारी तेलवाल्यांचा फोन आला. "बसलं, वहिनी! ऐका!" त्यांनी फोन यंत्राजवळ धरला. खडखड सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "काज संपताना एक 'खट्' जास्त येतोय."

"तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?"

"कळत काही नाही. पण पस्तीस वर्षं मास्तरांचं काम भिंतीपलीकडून ऐकलंय. काज झालं की आवाज एकदम तुटायचा. हा अडखळतोय."

"म्हणतायत तर बघा की," मागून शिवणवाल्या बाई म्हणाल्या.

बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग तेलवाले पडेल आवाजात म्हणाले, "स्क्रू ढिला राहिला होता. दोन दिवसांत चाक पुन्हा गेलं असतं. तेल मात्र घातलं होतं मी."

यंत्र परत सुरू झालं.

"आता?"

एक काज झालं, दुसरं झालं, वहिनींनी तिसरंही होऊ दिलं.

"आता बरोबर."

फोन बाईंनी घेतला. "ताई, ठेवू का? साठ कोट आहेत."

"ठेवा, ठेवा. बसा कामाला."